बारा फोटोंचं लग्न

अंबाजोगाई गावाच्या कडेला खडकात कोरलेली लेणी आहेत. आमच्याकडची माणसं त्यांना हत्तीखाना म्हणतात, नाहीतर जोगाईचा मांडव. अंगणात दगडाचे हत्ती उभे आहेत. गोष्ट अशी सांगतात, की जोगाईचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला अन् सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. देवी कुमारीच राहिली. बीड जिल्ह्यात लग्नाचा देखावा असा थिजून राहिलेला पहिला तोच. त्यानंतर दुसरा थिजला तो फोटोत, अन् त्याला फार काळ जावा लागला.

कोण आलं होतं, कुठं उभं होतं, कुणाच्या अंगावर काय होतं, हे लग्न झाल्यावर कुणालातरी सांगता आलं पाहिजे, ही माणसाची जुनी हौस. पूर्वी हे काम गाव करायचं. माझ्या आईबापाच्या लग्नाचा कागद नाही, पत्रिका नाही, फोटो नाही. तारीख विचारली तर आई म्हणायची, "पोलीस ॲक्शनच्या नंतर दोन-तीन सालानं, ज्वारीची खळी झाल्यावर." पोलीस ॲक्शन झाली सप्टेंबर १९४८ मध्ये, तेव्हा आमचा जिल्हा निजामाच्या राज्यातून सुटला. त्यावरून आम्ही साल काढायचं. पण बाकीचं सगळं गावाला पाठ होतं. वऱ्हाडाच्या गाड्या किती होत्या, कुणाचा बैल नदीच्या उतारावर बसला, व्याही कशावरून रुसला, हे आमच्या भावकीतल्या म्हाताऱ्या पन्नास वर्षांनी सांगायच्या. दोघींच्या सांगण्यात फरक पडला तर भांडायच्या. गाव हाच साक्षीदार होता.

फोटोची कला जगापुढं आली १८३९ साली, फ्रान्स देशात. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. एवढी मोठी राणी, पण तिच्या लग्नाचा फोटो नाही. चौदा वर्षांनी, १८५४ साली, तिनं अन् तिच्या नवऱ्यानं नटूनथटून फोटो काढून घेतले, तेच पुढं लोक लग्नाचे समजायला लागले. म्हणजे ती राणी अन् माझी आई या एका बाबतीत सारख्याच.

निजामाच्या राज्यात फोटो नव्हता असं नाही. लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते. निजामानं त्यांना राजा हा किताब दिला. १९०५ साली ते वारले. त्यांनी महाल काढले, शिकारी काढल्या, पाहुणे काढले. १८९२ च्या सुमारास पडद्यातल्या बायकांसाठी त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला होता, अन् तिथं फोटो काढायला बाईच ठेवली होती. हे मी वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. पण ते सगळं अमीर-उमरावांचं. त्याच राज्यातला आमचा बालाघाटाचा डोंगर, तिथली कुणब्याची, वंजाऱ्याची, धनगराची, महारा-मांगाची लग्नं कोण काढणार? हैदराबादेतून आमच्या गावात फक्त सारावसुलीचा माणूस यायचा.

आमच्या घरात पहिला फोटो आला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा, अन् तोही लग्नातला नाही. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर १९७४ च्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. दुष्काळात खडी फोडून अन् सुकडी खाऊन माणसं नुकती उठली होती. मांडवात फोटोवाला आणायची ऐपत कुणाची? लग्न झाल्यावर आठ दिवसांनी दाजी तिला तालुक्याला घेऊन गेले अन् स्टुडिओत फोटो काढला. मागं रंगवलेला पडदा, त्याच्यावर कमान अन् कारंजं. बाजूला तिपाईवर कागदी फुलांची कुंडी. दाजींच्या मनगटावर घड्याळ आहे, ते फोटोवाल्याचं. घड्याळ अन् कंगवा हे त्या काळात स्टुडिओतच ठेवलेलं असायचं.

त्या फोटोत बहीण दाजींच्या खांद्याला लागते. खरं तर ती तेवढी उंच नव्हती. फोटोवाल्यानं तिच्या पायाखाली लाकडी पाट ठेवला होता अन् पातळाचा घोळ त्याच्यावरून सोडला होता. ती जेमतेम चौदाची होती. आता तिला नातू झालेत, तरी फोटो हातात घेतला की ती सगळ्यात आधी पायाकडं बोट दाखवते. "हितं पाट हाय बघ. माझी उंची वाढायची होती की अजून." कायद्यात तेव्हा मुलीचं वय पंधरा होतं, १९७८ साली ते अठरा झालं. आमच्या गावात दोन्ही कायदे कुणाला ठाऊक नव्हते. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव नव्हतं, कारण ती शाळेत गेलीच नव्हती. तिच्या वयाचा पुरावा म्हणाल तर तो एक फोटो, अन् त्यातला न दिसणारा पाट.

माझं लग्न झालं १९८३ साली. तोवर फोटोवाले मांडवात यायला लागले होते. आमचा फोटोवाला तालुक्याहून एसटीनं आला, गळ्यात कातड्याची पेटी, खांद्याला फ्लॅशची पिशवी. कॅमेरा दोन डोळ्यांचा, वरून बघायचा. छातीशी धरायचा अन् मान खाली घालून त्याच्या काचेत बघायचं. काचेत डावं ते उजवं दिसतं. पोरं हसायची, म्हणायची हा फोटो काढतोय का नवरदेवाच्या पाया पडतोय. त्या कॅमेऱ्यात एका रिळाला बारा फोटो निघत. माझ्या सासऱ्यांनी अन् वडिलांनी मिळून एकच रीळ ठरवलं होतं. बारा म्हणजे बारा.

बारा फोटोंत एक दिवस बसवायचा म्हणजे आधी ठरवावं लागतं की दिवसात मोठं काय. फोटोवाल्यानं जानोशावरच विचारलं, "कुणाकुणाचे काढू?" वडील म्हणाले, एक हळदीचा, एक मारुतीच्या पाराचा, एक अक्षतांचा, एक हाराचा, एक कन्यादानाचा. एक दोन्ही व्याह्यांचा गळाभेटीचा. एक मामांचा, नाहीतर मामा रुसतील. एक सरपंचांचा. एक रुखवताचा. एक करवल्यांचा. एक नवरा-नवरीचा बसून. अन् एक हातचा ठेवा, कोणी मोठा पाहुणा आला तर. झाले बारा. या यादीत दोघांच्याही आया नव्हत्या. कोणी मुद्दाम वगळल्या नाहीत. माझी आई गावाकडं उलपा-आहेराच्या मागं होती. सासूबाई चुलाणावर पुऱ्यांच्या घाण्यापाशी होत्या. ज्यांनी दिवस उभा केला त्या दिवसाच्या फोटोत नाहीत, एवढंच.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, अन् आम्ही एकमेकांच्या गळ्यात हार घातले. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "थांबा! हार तसाच धरा!" त्याचा फ्लॅश भरायला वेळ लागायचा. बारीक शिट्टीसारखा आवाज होऊन लाल दिवा लागला की मग चाप दाबायचा. आम्ही हार काढले, पुन्हा हवेत धरले. भटजी थांबले. वाजंत्रीवाल्यांनी सनई खाली घेतली. फोटोत आहे तो दुसऱ्यांदा घातलेला हार. मला आता वाटतं, आमच्या गावात लग्न पहिल्यांदा फोटोसाठी थांबलं ते त्या घटकेला. तेव्हा ते पळभरच थांबलं होतं.

त्या बारापैकी अकरा आले. एक रिळाच्या टोकाला पांढरा झाला, तो नेमका सरपंचांचा. आमची मंडळी सगळ्या फोटोंत खाली बघते आहे. नवरीनं वर बघायचं नसतं. एकदा नातीनं विचारलं, "आजी, तू रडत होतीस का?" ती म्हणाली, "नाही गं, झोप येत होती. दोन रात्री जागलेली." फोटो खोटं बोलत नाही म्हणतात, पण सगळं सांगतही नाही.

पुढं छत्तीस फोटोंचं बारीक रीळ आलं, रंगीत आलं. सुरुवातीला रीळ धुवायला शहरातल्या लॅबला पाठवायचे अन् अल्बम यायला महिना-दोन महिने लागायचे. नवरी पहिल्या दिवाळीला माहेरी आली की अल्बम बघायला गल्ली जमायची. मग नव्वदच्या पुढं व्हिडिओ आला. खांद्यावर बसणारा मोठा कॅमेरा, मागं एक पोरगा हातात हॅलोजनचा दिवा घेऊन, अन् त्याच्या मागं वायर सांभाळणारा तिसरा. मांडवात त्या दिव्याचं ऊन पडायचं. नवरीच्या कपाळाची हळद घामानं उतरायची. पंगतीत दिवा आला की माणसं तोंडात घातलेला बुंदीचा घास गिळायची थांबायची. घरी कॅसेट आली की त्यात नवरा-नवरी बदामाच्या आकारात फिरायचे अन् मागं कुठल्या तरी परदेशातली फुलं. लोकांनी व्हिडिओला हसून घेतलं, मीही हसलो.

पण एक गोष्ट त्या व्हिडिओनंच केली, ती मी विसरत नाही. कॅसेट तीन तासांची. तीन तास भरायचे म्हणजे कॅमेरा सगळीकडं फिरवावा लागायचा. बारा फोटोंच्या हिशोबात जे बसत नव्हते ते त्याच्यात आले. हळद कांडणाऱ्या बाया आल्या. चुलाणाजवळ डोळे पुसत बसलेली काकू आली. उष्ट्या पत्रावळी उचलणारा गडी आला. मांडवाच्या कडेला बसलेले संबळवाले आले. १९९६ साली माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं, त्या कॅसेटमध्ये आमची आई डोक्यावर हंडा घेऊन दारातून आत जाते. दहा-बारा पावलं असतील. ती गेल्यावर भाऊ ती दहा-बारा पावलं मागंपुढं करून बघायचा. नंतर कॅसेटच्या फितीला बुरशी लागली, कॅसेट लावायची यंत्रंही घरोघरची गेली. शहरातल्या एका दुकानात नेऊन निम्मीअर्धी सीडीवर उतरवून आणली, त्यात ती पावलं वाचली.

आईचा एकटीचा फोटो म्हणाल तर एकच, मतदानाच्या ओळखपत्राचा. १९९३ साली निवडणूक आयोगानं फोटोच्या ओळखपत्राचं काढलं, मग आमच्या शाळेत टेबल मांडून सगळ्या गावाचे फोटो काढले. आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्मातला पहिला फोटो तोच. आई वारल्यावर तोच मोठा करून आणला. दुकानदारानं मागचं धुरकट काढून निळं आभाळ घातलं अन् खांद्यावर नव्या साडीचे काठ चढवले. भिंतीवर तो आहे, त्याला हार आहे. लग्नात जिचा फोटो राहिला, तिचा सरकारनं मतासाठी काढला.

आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीची गोष्ट वेगळी आहे, ती इथं सांगितली पाहिजे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्याकडं लग्न लागतं ते बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर. हुंड्याच्या गाड्या, भटजी, पत्रिका काही नसलं तरी चालतं, पण ती दोन चित्रं मांडवात पाहिजेत. आमच्याकडं लग्नाचा फोटो काढायचे, त्यांच्याकडं फोटोच्या साक्षीनं लग्न लागायचं. फोटो साक्षीदार असतो हे त्यांना आमच्या कितीतरी आधी कळलेलं होतं.

सरकारला ते पुढं कळलं. महाराष्ट्रात लग्नाच्या नोंदणीचा कायदा १९९८ सालचा. २००६ साली सुप्रीम कोर्टानंही सगळी लग्नं नोंदवा म्हणून सांगितलं. आता ग्रामपंचायतीत नोंदणीला गेलं की पत्रिका मागतात, वयाचे दाखले मागतात, साक्षीदारांच्या सह्या घेतात अन् लग्नाचा फोटो लावायला सांगतात. गावाच्या तोंडी साक्षीवर पूर्वी लग्न टिकायचं. पण आता गाव कुठं आहे? निम्मं गाव दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातं, थोडं पुण्याला जातं. आठवण ठेवायला माणूस जाग्यावर लागतो. माणसं हलली अन् साक्ष फोटोकडं गेली. मला फोटोचं महत्त्व वाटतं ते यासाठी, हौसेसाठी नाही.

हौस मात्र उदंड वाढली. आता फोटोवाला एकटा येत नाही, पाच-सहा जणांची टोळी येते. लग्नाच्या महिनाभर आधी नवरा-नवरीला सौताड्याच्या धबधब्यावर, धारूरच्या किल्ल्यावर नेऊन प्री-वेडिंगचं शूटिंग करतात. ज्या पोरीला साखरपुड्यात नवऱ्याशी बोलू दिलं नसतं, ती पोरगी किल्ल्याच्या बुरुजावर त्याचा हात धरून उभी राहते अन् आजी मोबाइलवर बघून हसते. मला त्यात वाईट दिसत नाही. दोघं बोलतात तरी. हळदीला पिवळे कपडे सगळ्यांनी घालायचे, ते फोटोत शोभतं म्हणून. मांडवावर ड्रोन घिरट्या घालतो. एका लग्नात त्याच्या आवाजानं गोठ्यातली जनावरं दावं तोडून पळाली. नवरी मांडवात कधी शिरणार हे फोटोवाला ठरवतो, धूर सोडतो, गाणं लावतो. दुपारी बाराचा मुहूर्त दीडला लागतो. जोगाईचा एक मुहूर्त टळला तर वऱ्हाड दगडाचं झालं. आमच्याकडं रोज टळतो अन् वऱ्हाड खुर्चीत बसून घाम पुसतं.

शेवटी रिसेप्शन. हा शब्द माझ्या लग्नात नव्हता. तेव्हा आहेर मांडवात व्हायचा. नाव पुकारायचे, टोपी-टॉवेल द्यायचे, वहीत लिहायचे. आता सिंहासनासारख्या दोन खुर्च्या, पुढं रांग, एकेकानं वर चढायचं, पाकीट द्यायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं, उतरायचं. कोरोनात, २०२१ च्या उन्हाळ्यात, लग्नाला पंचवीस माणसं अन् दोन तास एवढीच मुभा होती. तेव्हा लोकांनी मोबाइलवर लग्न दाखवलं अन् कर्ज कमी झालं. वाटलं होतं शहाणपण येईल. रोग गेला अन् सिंहासन परत आलं. शेत गहाण ठेवून अल्बम करणारे बाप मी बघितलेत. अल्बम दोन-चारदा बघून कपाटात जातो, हप्ता मात्र दर महिन्याला दारात येतो.

पण या खर्चापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. पूर्वी लग्नात फोटो नसायचा तो गरिबीनं. आता पोरासोरांच्या हातात मोबाइल आहे. आज एखाद्या लग्नात फोटोवाला नाही, पत्रिका नाही, वाजंत्री नाही, मोबाइल खिशात ठेवा म्हणून सांगतात, तर समजून घ्यावं की नवरी लहान आहे. अशी लग्नं पहाटे लागतात, शेतातल्या आखाड्यावर लागतात, कारखान्याच्या टोळ्या निघायच्या आधी घाईनं लागतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आमच्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायांपैकी ४३.७ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. सगळ्या राज्याचा आकडा २१.९ आहे. हा आकडा कुठल्याच अल्बमात दिसत नाही.

का होतं हे आम्हाला माहीत आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, अन् कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला उचल कमी. पोरीचे आईबाप सहा महिने उसाच्या फडात, पोरगी गावात म्हातारीजवळ, जिवाला घोर. पदरात बांधली की सुटलो, असं बापाला वाटतं. त्याला मी राक्षस म्हणणार नाही. पण पोरीचं व्हायचं ते होतंच. कोवळ्या अंगानं मोळ्या उचलायच्या अन् त्यातच बाळंतपण.

२००६ च्या कायद्यात असं लग्न लावणाऱ्याला अन् त्याला मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् एक लाखापर्यंत दंड आहे. मदत करणाऱ्यांत भटजी येतो, मांडववाला येतो अन् फोटोवालाही येतो. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह रोखणारा अधिकारी. १०९८ वर फोन केला तरी चालतो, नाव सांगावं लागत नाही.

आमच्या गावातला एक तरुण पोरगा फोटोचं काम करतो. बारावी झालाय, कर्जावर कॅमेरा घेतलाय. तो ऑर्डर घेताना पत्रिकेबरोबर नवरीचा शाळेचा दाखला मागतो. तीन वर्षांमागं एक जण चिडून माझ्याकडं आला. वयानं माझ्याहून लहान, ऊसतोडीला जाणारा. म्हणाला, "आबा, ह्यो फोटोवाला हाय का पोलीस? दाखला दाव म्हणतोय." मी विचारलं, "मंग दावायला काय झालं?" तो बोलेना. चहा घेतला, तंबाखू मळली, तरी बोलेना. मग हळूच म्हणाला, "पंधरावं चालूय तिला." मी आत जाऊन बहिणीचा तो फोटो आणला अन् त्याच्या हातात दिला. पाट कुठं आहे ते दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला. गेला तेव्हा हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक अन् मी त्याच्या घरी गेलो, मुलाकडच्या लोकांना बोलावलं. पुष्कळ बोलाचाली झाली, शिवीगाळही झाली. लग्न थांबलं. पोरगी त्या साली आजीपाशी राहिली अन् दहावीला बसली. पोराच्या हातची ती ऑर्डर गेली, अन् पुढच्या दोन ऑर्डरीही गेल्या, कारण लोक म्हणाले हा चौकश्या करतो.

अजूनही तो दाखला मागतो. मी त्याला विचारलं, धंदा कसा चाललाय? हसला अन् म्हणाला, "हळूहळू चाललाय आबा. पण दाखला आधी, क्यामेरा मंग."